परदेशी गिऱ्हाइकासाठी सॉफ्टवेअर : आधी किती तयारी करावी?

दुकानाच्या बिलाचा किंवा हिशेबाचा प्रोग्राम तयार करणाऱ्या तरुणांपुढे एक प्रश्न हमखास येतो. आज गिऱ्हाईक गावातले आहे, उद्या कुवेत-दुबईचे मिळाले तर? सगळी तयारी आताच करून ठेवावी काय? आमच्या मते सगळी नव्हे. मात्र थोडी आताच करावी, कारण तेवढीच नंतर फार महागात पडते.

पैशाचेच घ्या. रुपयाचे पैसे १००, म्हणून प्रोग्राममध्ये दशांश चिन्हानंतर दोन घरे ठेवली जातात. कुवेती दिनारचे फिल्स १०००; तेथे तीन घरे लागतात. जपानी येनला एकही लागत नाही. १२.३४५ दिनारची रक्कम दोन घरांत बसवली की बिलामागे पाच फिल्सचा फरक पडतो आणि महिनाअखेर रोकड व वही जुळत नाही. दुकानदार मग प्रोग्रामवर नव्हे, गल्ल्यावरच्या पोरावर संशय घेतो. उपाय सोपा आहे. रक्कम पैसे किंवा फिल्स अशा सर्वांत लहान एककाच्या पूर्ण संख्येत साठवावी व शेजारच्या रकान्यात चलन नोंदवावे. सुरुवातीला हे काम किरकोळ असते. पाच वर्षांच्या नोंदी साठल्यावर करायचे म्हणजे जुना सगळा हिशेब उकरणे आले.

तारखेचेही तसेच. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. साठवताना वर्ष, महिना, दिवस हा आयएसओ ८६०१ मानकाचा क्रम ठेवावा. पडद्यावर गिऱ्हाइकाच्या रिवाजाप्रमाणे दाखवावी. अक्षरांसाठी युनिकोडच वापरावे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, तरी पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये अडकून पडला. फॉन्ट बदलला की वाचता येईना. ते विकतचे दुखणे नको.

वाक्यांच्या बाबतीत बहुतेकांची चूक होते. इंग्रजीत रिकाम्या जागी वस्तूचे नाव भरले की वाक्य तयार होते. मराठीत पावती मिळाली, चेक मिळाला, बिल मिळाले! अरबीत तर एक, दोन आणि अनेक यांची रूपे वेगवेगळी. म्हणून तुकडे जोडू नयेत. पूर्ण वाक्ये प्रोग्रामबाहेरच्या फाइलीत ठेवावीत.

बाकीचे थांबू द्यावे. दहा भाषा, देशोदेशीचे कर, उजवीकडून डावीकडे चालणारा अरबी पडदा हे गिऱ्हाईक समोर नसताना करणे म्हणजे भांडवल अडकवणे होय. संयुक्त अरब अमिरातीत २०१८ मध्ये ५ टक्के व्हॅट आला. २०२२ मध्ये सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार झाली. आधी अंदाजाने बांधलेले सगळे मोडावे लागले असते.

ऑर्डर आली की प्रथम त्या दुकानाची जुनी छापील बिले मागवावीत, आणि भाषांतराचा खर्च किमतीत न मिसळता वेगळा लावावा.