रात्र, होडी आणि मासा



पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरव्होळला उजवीकडे वळले, की भोरच्या वाटेवर भाटघरचे धरण लागते. वेळवंडी नदी अडवून बांधलेले हे धरण १९२०च्या दशकात पूर्ण झाले. भोर तालुक्यातच नीरा-देवघरचे धरण आहे, आणि डोंगर ओलांडून वेल्ह्यात उतरले, की गुंजवणी, पानशेत आणि वरसगावचे जलाशय भेटतात. दिवस मावळताना या पाण्यांवर मासेमारांच्या होड्या निघतात. अंधार पडेपर्यंत जाळी लागतात, आणि ती पहाटे उचलली जातात.

दिवसा सारे स्वच्छ दिसत असताना हा उद्योग रात्री कशासाठी? आणि अंधारात, खोल पाण्यावर, लहानशा होडीतून सुखरूप परत कसे यायचे? हे दोन प्रश्न वेगळे वाटतात. परंतु ज्या सवयींमुळे मासा हाती लागतो, बहुतेक त्याच सवयींमुळे माणूसही घरी परततो. कसे, ते पाहू.

रात्रीच का?

पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणिप्लवक, दिवसा उजेड टाळून खोल राहतात आणि अंधार पडला की वर येतात. त्यांच्यामागे लहान मासे येतात, लहानांच्या मागे मोठे. शिंगाळ्यासारखे मिशांचे मासे तर रात्रीच भक्ष्य शोधतात. त्यांना डोळ्यांपेक्षा मिशांवरील स्पर्शाचा आणि चवीचा उपयोग अधिक. शिवाय पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे दिवसा माशाला दिसते. अंधारात त्याचे धागे दिसत नाहीत. अंधाऱ्या पक्षात जाळ्याला मासा जास्त लागतो असे मासेमार म्हणतात, त्याचे एक कारण हेच.

पाण्यातला आवाज

१८२६ साली कोलाडोन आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी जिनीव्हाच्या सरोवरावर एक सुंदर प्रयोग केला. तोही रात्रीच, दोन होड्यांतून! एका होडीखाली पाण्यात घंटा टांगली होती. तिच्यावर ठोका पडताच वर बंदुकीची दारू पेटे. सुमारे साडेतेरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीतून चमक दिसल्यावर पाण्यातील आवाज येईपर्यंतचा वेळ मोजला. तो ९ सेकंदांहून थोडा अधिक भरला. म्हणजे पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४३५ मीटर, हवेतील वेगाच्या चौपटीहून जास्त.

आता एक गंमत पहा. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला, की त्याच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग पाण्यात शिरतो. बाकी सारा परावर्तित होतो. म्हणून होडीत हळू बोलल्याने मासे सहसा बुजत नाहीत. पण वल्हे फळीवर आपटले, डबा पडला किंवा कोणी पाय आपटून उभे राहिले, तर ते कंपन होडीच्या तळातून थेट पाण्यात उतरते. माशाच्या अंगावरील पार्श्वरेखा पाण्याची जवळची हालचाल ओळखते, आणि त्याचा कान ध्वनी टिपतो. मासा दूर जातो. तेव्हा पहिला नियम: होडीत बसून राहा, हालचाल कमी करा.

बसलेला माणूस, उभा माणूस

हाच नियम होडीलाही वाचवतो. समजा, होडीचे वजन ८० किलो आहे आणि तिचा गुरुत्वमध्य तळापासून २५ सेंटिमीटरवर आहे. तिच्यात प्रत्येकी ६० किलोची दोन माणसे बसली आहेत; त्यांचे गुरुत्वमध्य तळापासून ५० सेंटिमीटरवर धरू. सर्वांचा मिळून गुरुत्वमध्य किती उंचीवर येईल?

(८० × २५ + १२० × ५०) ÷ २०० = ४० सेंटिमीटर.

दोघेही उभे राहिले आणि त्यांचे गुरुत्वमध्य १०० सेंटिमीटरवर गेले, तर

(८० × २५ + १२० × १००) ÷ २०० = ७० सेंटिमीटर.

होडी कलली, की तिचे बुडालेले अंग बदलते आणि उत्प्लावक बल कललेल्या बाजूकडे सरकते. गुरुत्वमध्य खाली असेल, तर हे बल होडीला पुन्हा सरळ करते. तो फार वर गेला, तर तेच बल तिला अधिक कलंडवते. म्हणून मासा मोठा लागला तरी उठून उभे राहू नये, आणि दोघांनी एकाच काठावर वाकू नये. जाळे ओढायचे ते शक्यतो होडीच्या टोकाकडून, कारण होडी रुंदीपेक्षा लांबीच्या दिशेने कलायला फार अवघड असते.

डोळ्यांना अंधाराची सवय

उजेडातून अंधारात आल्यावर आपल्या डोळ्यांतील दंडपेशींना पुरते जागे व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. विजेरीचा किंवा मोबाईलचा पांढरा झोत क्षणभर डोळ्यांवर पडला, की ही सारी कमाई वाया जाते. मग समोरचे झाड किंवा खडक दिसत नाही. भाटघरचे पाणी उन्हाळ्यात इतके उतरते, की कांबरे गावचे कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. म्हणजे काल खोल असलेली जागा आज उथळ असू शकते, आणि बुडालेले खुंट होडीच्या तळाशी येतात. म्हणून ज्या वाटेने रात्री जायचे, ती त्याच आठवड्यात दिवसा पाहून ठेवावी.

दंडपेशींना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही. त्यामुळे गाठ सोडायला किंवा गळ बांधायला विजेरीवर तांबडा कागद लावावा. पांढरा झोत पाण्यावर फिरवला, तर मासेही बुजतात. मात्र होडीवर दिवा हवाच, कारण दुसऱ्या होडीला आपण दिसलो पाहिजे. तो काठीवर, डोक्यापेक्षा उंच आणि खालून झाकलेला असावा.

वारा आणि वळीव

सूर्यास्तानंतर डोंगरउतार लवकर निवतात. त्यांना लागून असलेली हवा थंड व जड होऊन दरीत घसरते. त्यामुळे संध्याकाळी शांत असलेल्या पाण्यावर रात्री काठाकडून मध्याकडे वारा सुटू शकतो. जाताना तो ढकलतो, परतताना मात्र अडवतो. परतीसाठी दम राखून ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दिसले, तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. दर ३ सेकंदांना एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. पण ढग जमू लागतानाच काठ गाठलेला बरा. मोकळ्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो.

होडी उलटली तर

लाकडी होडी उलटली तरी सहसा तरंगते. तिला धरून राहावे. अंधारात काठ असतो त्यापेक्षा जवळ वाटतो, आणि पोहत निघालेला माणूस दमतो. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णतावाहक आहे, म्हणून अंग लवकर गारठते. माणसाची घनता पाण्याइतकीच असते. पाण्यावर धरायचे ते फक्त डोके, म्हणजे सुमारे ५ किलो. ७-८ किलोचे उत्प्लावक बल देणारे जाकीट माणसाला तारते ते यामुळेच. ते होडीत उशाला ठेवून उपयोग नाही, अंगावर बांधलेले असावे. १० लिटरचा रिकामा, बुच घट्ट लावलेला प्लॅस्टिकचा डबाही जवळजवळ १० किलोचे बल देतो. जाकिटाला तो पर्याय नव्हे, पण होडीला बांधलेला असावा. शिट्टी गळ्यात असावी, आणि केव्हा परतणार हे काठावरच्या कोणाला तरी सांगून निघावे. तुमच्यापैकी कोणाला कधी अशी संधी मिळाली, तर ती जाणत्या मासेमाराबरोबर आणि घरच्यांच्या परवानगीनेच घ्यावी.

करून पहा

१. पाण्याच्या बादलीत एक पसरट प्लॅस्टिकचा डबा तरंगत सोडा. त्यात पाणी भरलेली लहान बाटली आधी आडवी, मग उभी ठेवा. प्रत्येक वेळी डब्याला बोटाने तेवढाच धक्का द्या. काय फरक दिसतो?

२. वरच्या उदाहरणात एकच माणूस उभा राहिला, तर गुरुत्वमध्य किती उंचीवर येईल? (उत्तर ५५ सेंटिमीटर येते का पहा.)

३. निरभ्र रात्री बाहेर पडताच कृत्तिकेतील तारे मोजा. अर्ध्या तासाने, मध्ये उजेड न पाहता, पुन्हा मोजा. दोन आकड्यांतील फरक ही तुमच्या दंडपेशींची कमाई. होडीत बसलेला मासेमार तीच जपत असतो.