पेरूवर वटवाघूळ, हरभऱ्यात काळवीट

सकाळी पेरूखाली चोथ्याच्या सुकलेल्या गोळ्या आणि अर्धवट कुरतडलेली फळं पडलेली दिसली, तर रात्री मोठं फळखाऊ वटवाघूळ येऊन गेलं. हरभऱ्याचे शेंडे खुडलेले, मातीत टोकदार खुरांचे ठसे आणि बांधाजवळ लेंड्यांचा ढीग दिसला, तर तो काळवीटांचा कळप. रब्बीत या दोघांची तक्रार एकदमच सुरू होते आणि आपण दोघांवरही फटाकेच वाजवतो. चार दिवसांत दोघंही त्याला सरावतात.

हे वटवाघूळ अंधारात वाट काढतं ते डोळ्यांनी, आणि पिकलेलं फळ शोधतं ते वासावर. म्हणून पेरू झाडावर पिकू देऊ नका. गडद हिरवा रंग फिकट झाला की तोडा, राखायच्या फळांना पिशव्या घाला. जाळी लावायचीच तर करंगळी न जाईल इतकी बारीक आणि सांगाड्यावर ताणून लावा. सैल नायलॉन जाळीत ते अडकून तडफडत मरतं, आणि मादीला वर्षाकाठी पिल्लू होतं एकच. मोहाच्या फुलांचं परागीभवन रात्री हेच करतं, त्याच्या बिया दूरवर हेच टाकतं. त्याला मारू नका. मात्र उष्टं फळ कुणी खाऊ नये, निपाह विषाणूचा धोका असतो. ते खड्ड्यात पुरा.

काळवीटाची गोष्ट वेगळी. त्याची सारी भिस्त नजरेवर आणि पायांवर, त्यामुळे त्याला मोकळा माळ लागतो. माळ आपणच नांगरले. कर्जतचं रेहेकुरी अभयारण्य जेमतेम 217 हेक्टरचं. तिथले कळप शेतात उतरणारच. यावर आपल्या वाडवडिलांचा उपाय मला अजूनही सगळ्यांत भरवशाचा वाटतो: हरभऱ्याच्या चहूबाजूंनी करडईच्या चार-पाच ओळी. करडई ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा, म्हणजे घाटे धरेपर्यंत काटे तयार होतात. कुंपणात थेट वीज सोडू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसंही गेली आहेत. बिनकठड्याच्या विहिरीला निदान काटेरी फांद्यांचा आडोसा करा, कळप उधळला की काळवीट थेट आत पडतात.

काळवीटानं पीक खाल्लं तर फोटो काढून ठेवा आणि सातबारा घेऊन तीन दिवसांच्या आत वनक्षेत्रपाल कार्यालयात अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत खाल्लेल्या ओळी मोडू नका.