द्राक्षबागेतील फवारणी आणि आर्तवदुष्टी

गर्भसंभवास ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज या चारही भावांची शुद्धी आवश्यक असल्याचे सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहे. वायू, उदक, देश व काल यांच्या दुष्टीने होणारा जनपदोद्ध्वंस चरकाचार्यांनी विमानस्थानात वर्णिला आहे. हे दोन्ही विषय आपण वेगवेगळे शिकलो. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ किंवा माण-खटावकडील रुग्णा तपासताना मात्र ते एकत्रच वाचावे लागतात.

एक रुग्णा, वय ३१. पाळी दोन-दोन महिने लांबणे, अंगगौरव, पूर्वी एक गर्भस्राव. गर्भ नसल्याची खात्री करून आम्ही तीन महिने रजःप्रवर्तिनी वटी दिली. उपशय नाही. केसपेपरवर व्यवसाय 'शेतमजुरी' एवढाच लिहिलेला, चूक आमचीच. नंतर विचारता कळले, ऑक्टोबर छाटणीनंतर ती विरळणी करते व जी.ए.च्या द्रावणात घड बुडविते, तेही सकाळी फवारलेल्या बागेत, दुपारी, उघड्या हातांनी. टीएसएच वाढलेले निघाले.

डाऊनीसाठी सर्रास वापरले जाणारे मॅन्कोझेब शरीरात इथिलीन थायोयुरियामध्ये रूपांतरित होते व हे द्रव्य थायरॉईडच्या संप्रेरकनिर्मितीत अडथळा आणते. थायरॉईड मंदावली की बीजोत्सर्ग बिघडतो. युरोपीय संघाने २०२० मध्ये मॅन्कोझेबच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले, त्यामागे प्रजननावरील दुष्परिणाम हेही एक कारण होते. अर्थात थायरॉईडचा विकार द्राक्षबाग कधी न पाहिलेल्या स्त्रियांतही पुष्कळ आढळतो. एका रुग्णेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

यास दूषीविष म्हणावे काय? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेले एन्डोसल्फान दीर्घकाळ टिकून राहते, त्यास ही संज्ञा शोभते. मॅन्कोझेब शरीरातून लवकर बाहेर पडते; येथे अल्पवीर्य विषाचा पुनःपुन्हा होणारा संपर्क महत्त्वाचा. म्हणून दूषीविषारि अगद देऊन रुग्णेस त्याच ओल्या बागेत परत पाठविणे व्यर्थ होय. निदानपरिवर्जन प्रथम. कोणते औषध मारले, त्यानंतर किती तासांनी ती बागेत शिरली, कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुतले जातात काय, हे प्रश्न पाळीच्या तारखेइतकेच आवश्यक आहेत.

निर्यातीच्या द्राक्षांतील अंश 'ग्रेपनेट' व्यवस्थेमुळे २००६ पासून तपासले जातात. काढणीपूर्व अंतर बागायतदारांस तोंडपाठ असते. फवारलेल्या बागेत मजुराने पुन्हा केव्हा शिरावे, हे मात्र आम्हांस क्वचितच कोणी सांगू शकले.

औषधनिर्मात्यांसही एक विनंती. निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. शिशाची मर्यादा १० पीपीएम. शिसे गर्भास घातक आहे. सूतिका व गर्भिणींसाठी स्थानिक बाजारात जाणाऱ्या शतावरीसही हाच निकष स्वतःहून लावावा.

सदर रुग्णेस आम्ही फिजिशियनकडे पाठविले. थायरॉईडची गोळी सुरू झाली आणि त्याच सुमारास मुकादमाने तिला पॅकिंगच्या कामावर घेतले. चार महिन्यांपासून पाळी नियमित आहे. गोळीने की काम बदलल्याने, हे आम्हांस सांगता येत नाही.