खिराईला जाण्याआधी

डमडम, कोलकाता
१८ डिसेंबर

चि. मृणाल हिस,


तुझे भदरवाहचे लॅव्हेंडरचे फोटो मोठ्या पडद्यावर लावून नीट पाहिले. ‘मामा, खरं सांग’ असं लिहिलंयस, तर सांगतो. सूर्य नारिंगी, डोंगर सोनेरी आणि पुढची फुलं मात्र गडद जांभळी, हे काही पटत नाही. मावळतीच्या उन्हात निळा अंश फार थोडा उरतो आणि लॅव्हेंडरचा सगळा रंग त्या निळ्याच्या भरवशावर असतो. थेट तांबड्या उन्हात ती फुलं विटकरी, मळकट दिसतात. तुलाही तशीच दिसली असणार. मग घरी येऊन तू रंगाची पट्टी ओढलीस. झूम करून बघ, देठंसुद्धा जांभळी झाली आहेत. सूर्य बुडाल्यावर दहा-वीस मिनिटं थांबली असतीस तर आभाळाच्या निळसर उजेडात तोच रंग आपसूक उमलला असता. ट्रायपॉड मात्र लागला असता. पण मला वाटतं तोवर तुमची गाडी निघायची वेळ झाली होती.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. ते शेत कोणाचं, ते तुला सांगता आलं नाही. भदरवाहच्या त्या उतारांवर पूर्वी मका व्हायचा. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेने अरोमा मिशनमध्ये रोपं दिली, तेल काढायची सोय केली, आणि मग लोक लॅव्हेंडरकडे वळले. फूल भरात आलं की कापणी, कारण तेल हवं असतं. म्हणजे तू ज्याला सुंदर देखावा म्हणालीस ते कापणीला आलेलं पीक होतं. तुझ्या फोटोंमध्ये कुठेही विळा नाही, भारा नाही, ऊर्ध्वपातनाची भट्टी नाही. सगळ्या फोटोंत तू किंवा सूर्य. सूर्य तर नाशिकलाही आहे.

म्हणून जानेवारीत येशील तेव्हा खिराईच्या फुलशेतांकडे जा, पण जरा निराळ्या रीतीने. आधी एका पहाटे मलिक घाटाच्या फूलबाजारात जा, हावडा पुलाच्या पायथ्याशी. झेंडूचे जाडजूड हार, शेवंतीच्या जुड्या आणि ते ओझं डोक्यावर घेऊन गर्दीतून वाट काढणारे हमाल बघ. ही फुलं कुठून आली ते विचार. पूर्व मेदिनीपूर, पांशकुडा, कोलाघाट ही नावं ऐकू येतील. मग त्या नावांच्या मागे जायचं. शेतात पोचशील तेव्हा फूल कुठे जाणार आहे हे तुला आधीच ठाऊक असेल, आणि कॅमेरा कशाकडे वळवायचा याचा अर्धा निर्णय तिथेच झालेला असेल.

डमडमहून मेट्रोने एस्प्लनेड, तिथे गाडी बदलून गंगेखालून हावडा, मग खरगपूरकडे जाणारी लोकल. पांशकुड्याच्या पुढचं स्टेशन खिराई. मोठ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. शेतं काँसाई नदीच्या काठाने पसरलेली आहेत. लोक रुळांच्या कडेने चालत जातात. तू जायचं नाहीस. टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, मिळते.

आता वेळेचं. तुमच्याकडे जानेवारीत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. इथे पाच-सव्वापाचला सगळं संपतं. घड्याळ एकच, पण कोलकाता मुंबईपेक्षा पंधरा अंशांहून अधिक पूर्वेला आहे आणि एका अंशाला चार मिनिटं धरली तर तासाभराचा फरक पडतो. त्यात थंडीतलं धुरकं. सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच त्यात विरून जातो, लाल गोळा दिसेलच असं नाही. तीनला शेतावर असलीस तर साडेतीन ते साडेचारचं तिरपं ऊन मिळेल. तेच खरं कामाचं. सऱ्यांना सावल्या पडतात, वाफे उठून दिसतात. सूर्याकडे तोंड करून खाली बस. पाकळ्यांतून उजेड आरपार येतो आणि झेंडू आतून पेटल्यासारखा दिसतो. भर दुपारी हेच शेत सपाट पिवळं दिसतं.

झेंडू कॅमेऱ्याला फसवतो. एकूण उजेडाचा आलेख व्यवस्थित दिसतो, पण लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला आपटलेला असतो आणि पाकळ्यांची वळणं पुसली जातात. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे लावून बघ, एक्सपोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली ठेव. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नकोस, डेलाइटवर ठेव. नाहीतर ज्या सोनेरी उजेडासाठी एवढी लांब गेलीस तोच कॅमेरा धुऊन टाकेल. तंत्राचं एवढं पुरे, बाकी तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. ड्रोन मात्र आणू नकोस. आमच्या छतावरून विमानं उतरतात, इथे तो पिशवीबाहेर काढायचीसुद्धा सोय नाही.

पांशकुडा भागात शेवंतीच्या काही शेतांवर रात्री ओळीने दिवे लावतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जत्राच वाटते. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. मध्येच उजेड पाडून रात्र तोडली की झाड कळी न धरता उंच वाढत राहतं. दांडा हवा तेवढा लांब झाला की दिवे बंद. फूल लग्नसराईच्या बाजारात नेमक्या वेळी उतरावं यासाठी शेतकऱ्याने रात्रीशी केलेली ही कारागिरी आहे. असं शेत दिसलं तर मावळतीनंतरही थांब. वरती निळं आभाळ, खाली पिवळे दिवे, आणि दोन्ही उजेड साधारण सारखे होतात ती पाच-सात मिनिटं सोडू नकोस. पण आधी मालकाला विचार.

विचारायचं म्हणजे खरंच विचारायचं. हिवाळ्यातल्या रविवारी तिथे कोलकात्याची एवढी गर्दी लोटते की बांध खचतात, रोपं तुडवली जातात. आपल्या कासच्या पठारावर हेच झालं, आणि आता तिथे संख्या ठरवून लोकांना आत सोडतात. कास निदान रान आहे. खिराईचा वाफा कोणीतरी खत-पाणी घालून वाढवलेला असतो आणि मोडलेल्या दांड्याला बाजारात भाव नाही. मधल्या वारी जा, बांधावरूनच चाल. माणसांचे फोटो घेतलेस तर पाठवायचा पत्ता लिहून घे, आणि खरोखर पाठव.

निदान दोनदा जायचं ठरव, पण पहिल्या दिवशी जे समोर येईल ते ‘उद्या घेऊ’ म्हणून सोडू नकोस. सत्यजित राय यांनी १९५२ च्या ऑक्टोबरात ‘पथेर पांचाली’चं काशफुलांतलं चित्रण बर्दवानकडच्या पालसिटला सुरू केलं. आठवड्याने उरलेलं काम करायला गेले, तर गुरांनी काशफुलं खाऊन टाकलेली. पुढच्या वर्षीच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. त्यांनी थांबून ते केलं; तुझी रजा आठवड्याची आहे.

रायच्या नादाने खिराईच्या शेतात पांढरी साडी नेसून धावतानाचे फोटो काढू नकोस, ते इथे हरेक जण काढतो.

अंधार लवकर पडतो म्हणून सहाच्या सुमाराची परतीची लोकल आधीच बघून ठेव, आणि हावड्याला पोचलीस की मला फोन कर. स्वेटर आण. ‘कोलकात्यात कसली थंडी’ म्हणतेस, पण नदीकाठी साडेपाचनंतर बोटं आखडतात आणि बॅटरीही लवकर उतरते, तेव्हा जोडीला दुसरी असू दे. तुझी मामी ज्वारीचं पीठ आणायला सांगते आहे. दोन किलो पुरे, जास्त आणलंस तर भाकऱ्या तुलाच थापायला लावेल.

तुझा,
विजूमामा