डोळे गच्च मिटू नकोस गं

पापण्या थरथरतात म्हणून तुला ल्युसिड ड्रीमिंग जमणारच नाही, असं कोणी सांगितलं गं तुला? बहुतेकींच्या थरथरतात सुरुवातीला. स्वप्न चालू असताना 'हे स्वप्न आहे' असं कळावं एवढाच तुझा हट्ट, आणि त्यासाठी डोळे असे आवळून घेतेस जणू शाम्पू गेलाय!

खरं सांगू का, डोळे मिटायला काही करावंच लागत नाही. पापणी उचलून धरणारा एक छोटा स्नायू असतो, तो सैल पडला की पापणी आपली खाली येते. गच्च मिटताना मात्र डोळ्याभोवतीचा गोल स्नायू राबत राहतो, आणि राबणाऱ्याला झोप कशी लागणार? म्हणून आधी कपाळावरची आठी सोड, मग जबडा. दातांवर दात नकोत. जबडा सुटला की डोळे निम्मे सुटतात, बघ.

आणि मिटलेल्या डोळ्यांनी बघत बसू नकोस. अंधारात ठिपके येतात, रंग येतात, कधी एखादा अनोळखी चेहरा. आपण लगेच बुबुळं तिकडे वळवतो आणि तो पळतो. मी तर एकदा चेहरा नीट दिसेना म्हणून चक्क डोळे उघडून पाहिलं होतं. समोर काय, तर गरगरणारा पंखा! दिसेल ते येऊ दे, जाऊ दे. लक्ष श्वासावर ठेव. डोळा लागता लागता बुबुळं आपसूक सावकाश इकडून तिकडे सरकतात, तीही अडवू नकोस.

स्वप्नात तर ती पळतातच. शिकागो विद्यापीठाच्या अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली हेच जगाला सांगितलं; डोळे असे पळतात ती रेम झोप. त्या झोपेत हातपाय लुळे पडतात, डोळे मात्र मोकळे. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. स्वप्नात भान आलं की डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे, असं त्यांचं प्रयोगात झोपणाऱ्या अ‍ॅलन वर्सली यांच्याशी आधीच ठरलं होतं. झोपलेल्या माणसाने आतून खूण केली आणि ती यंत्राच्या कागदावर उमटली! मला अजून नवल वाटतं त्याचं. तेव्हा डोळे हलले म्हणून दचकू नकोस.

आता वेळेचं. रात्री पाठ टेकल्या टेकल्या खटपट नको. रेम झोप पहाटेकडे लांबत जाते. पाचेक तास झोप झाली की ऊठ, पाणी पी, दहा-पंधरा मिनिटं बस आणि पुन्हा आडवी हो. मोबाइलला हात लावायचा नाही, कळलं? लेन्स रात्रीच काढायच्या, काजळ पुसायचं, पंख्याचा झोत तोंडावर नको. रस्त्यावरचा दिवा खिडकीतून आत येत असेल तर जुनी सुती ओढणी डोळ्यांवर नुसती टाक, बांधू नकोस.

कधी जाग येईल आणि अंग हलणारच नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटेल. भूतबित काही नाही गं, झोपेतला तो लुळेपणा जरा रेंगाळलेला असतो. डोळे हलवता येतात तेव्हाही, श्वासही चालू असतो. सावकाश श्वास घेत राहा, थोड्या वेळात सुटतं. वारंवार व्हायला लागलं किंवा दिवसा पेंग यायला लागली, तर हे सगळं बंद आणि सरळ डॉक्टरांकडे.

सकाळी परीक्षा असेल नाहीतर पहिली लोकल गाठायची असेल, तर हा उद्योग करायचा नाही. रविवारची पहाट धर. आणि आईला आधी सांगून ठेव बाई, नाहीतर भल्या पहाटे दिवा का लागला म्हणून ती येऊन उशाशी उभी राहील, आणि तू मात्र 'मी झोपलेय' म्हणत पुन्हा डोळे गच्च मिटशील.