तालमीची वेळ

चि. सोनीस,


विभागाच्या सांस्कृतिक समितीवर तुझी निवड झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. स्नेहसंमेलनाचा जो कच्चा आराखडा तू पाठवलास, तो दोनदा वाचला. पाहुणे कोण, मंडप कोणाचा, साउंडवाला कोण, शेवटच्या रात्री कोणता गायक बोलवायचा, हे सगळं त्यात आहे. तालमी किती वाजता घ्यायच्या, याबद्दल मात्र एक ओळही नाही. हे पत्र त्या एका ओळीसाठी लिहितो आहे. विद्यापीठातला उत्सव नक्की कोणाचा, हे माझ्या मते स्टेजवर पडदा उघडण्याच्या महिनाभर आधीच ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरवते तालमीची वेळ.

जरा हिशेब करून बघ. तुमचं विद्यापीठ छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव अशा ४ जिल्ह्यांचं. ‘संध्याकाळी ६ नंतर भेटू’ अशी नोटीस लागली, की पैठणहून एसटीने ये-जा करणारी मुलगी गळाली. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून उरलेल्या वेळात दुकानात उभा राहणारा मुलगा गळाला. वसतिगृहाचं फाटक बंद व्हायच्या आत परतायची घाई असलेल्या मुली दोन दिवस येतात आणि तिसऱ्या दिवसापासून दिसत नाहीत. उरतात ती शहरात घर असलेली, हाताशी दुचाकी असलेली, उशीर झाला तरी घरून कोणी न विचारणारी मुलं. यात कोणीही कोणाला वगळलेलं नसतं. नोटिशीत तर सगळ्यांचं स्वागतच असतं. तरी निवड होऊन गेलेली असते आणि मग ‘खेड्यातली मुलं भागच घेत नाहीत’ असं म्हणायला सगळे मोकळे होतात. ती मुलं बुजरी आहेत, असा निष्कर्ष काढण्याआधी त्यांची शेवटची बस किती वाजता सुटते, हे कोणीतरी विचारायला हवं ना?

यात गमावतं कोण? ती मुलं गमावतातच, पण त्यांच्याहून जास्त संमेलन गमावतं. तुमच्याच छत्रपती संभाजीनगरातलं मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केलं. शाळेचं तोंड पाहिलेली आपल्या घरातली पहिलीच पिढी तिथे मोठ्या संख्येने शिकायला आली. त्या महाविद्यालयाच्या संमेलनासाठी म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. १९५५ साली ते बाबासाहेबांसमोर झालं आणि पुढच्या वर्षी धम्मदीक्षेच्या निमित्ताने नागपुरात लोकांपुढे गेलं. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना आजही या नाटकापासून सुरुवात करतात. एका कॉलेजच्या गॅदरिंगमधून एवढं काही निघालं, कारण समोर बसलेल्यांचाच प्रश्न स्टेजवर उभा होता. मुंबई-पुण्यात गाजलेलं एखादं तयार नाटक बसवलं असतं, तर टाळ्या कदाचित तितक्याच पडल्या असत्या; त्यापलीकडे काही उरलं नसतं.

हेच लोककलांचं. युवक महोत्सवात संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला असे विभाग असतात आणि लोकनृत्याला सगळ्यात जास्त गर्दी होते. भाड्याच्या नऊवाऱ्या येतात, मोबाइलवरून उतरवलेला ट्रॅक येतो, आठ दिवसांत नाच बसतो. त्याच वर्गात मागच्या बाकावर गोंधळ्याच्या घरचा एखादा मुलगा असू शकतो. संबळ कधी जवळून पाहा. लहान-मोठी दोन वाद्यं एकत्र बांधलेली, ती कमरेशी लटकवून उभ्यानेच वाजवायची, एका काठीचं टोक वाकवलेलं. घरात हे पिढीजात असलं तरी मुलगा वर्गात चकार शब्द काढत नाही, कारण त्याची कला इथे कोणाला लागते आहे असं त्याला वाटतच नाही. त्याला विचारा. नुसतं विचारून भागणार नाही, त्या संबळाला कुलपाची एक खोलीही द्या. ते ओझं रोज बसमध्ये घेऊन चढणं शक्य नसतं. एका कुलपाच्या किमतीत जिवंत वादन मिळेल.

तुझ्या समितीतले काहीजण म्हणतील, नावाजलेला गायक नसेल तर गर्दी कोण करणार? गर्दी कमी होईल, हे मला मान्य आहे. पण त्या एका रात्रीच्या मानधनात किती तालमींचा चहा-नाश्ता आणि किती मुलांचं बसभाडं निघेल, हा आकडा समितीपुढे मांड आणि मग मत घे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सगळ्यांना घेतलं तर दर्जा घसरतो. त्यावर एक उदाहरण बघ. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा घेते. २०२२ साली तिथल्या परीक्षकांनी अंतिम फेरीतल्या एकाही संघाला करंडक दिला नाही. पुष्कळांना तो निर्णय झोंबला, मला तो योग्य वाटतो. स्पर्धेत कोणीही उतरावं, पण करंडक मात्र त्या तोलाच्या कामालाच मिळावा. कठोरपणा शेवटच्या फेरीत शोभतो. आपल्याकडे नेमकं उलट होतं: दारातच चाळणी लावतात आणि आत आलेल्या सुमार कामाचं तोंडभर कौतुक करतात. अभ्यास बुडतो, या तक्रारीला उत्तर सोपं आहे. शक्यतो दुपारच्या सुट्टीला जोडून दीड तास तालीम ठेवा. रात्री अकरापर्यंत रेंगाळणाऱ्या तालमीत निम्मा वेळ वाट पाहण्यातच जातो.

आणखी एका आक्षेपाची मला खरी काळजी आहे. जातीधर्माचे उत्सव आवारात नकोतच, त्याने भांडणं होतात, असं म्हणणारे प्राध्यापक वाईट हेतूने बोलत नसतात. पण तुमच्या विद्यापीठाचं नाव वाच: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. दरवर्षी त्या तारखेला गावोगावचे लोक लेकराबाळांसह प्रवेशद्वारापाशी येतात, माथा टेकवतात, पुस्तकांच्या स्टॉलवर पुस्तकं घेतात. हा तुमच्या आवारातला सगळ्यात मोठा लोकोत्सव आहे, आणि तुझ्या आराखड्यात तो नाही. ‘तो त्यांचा कार्यक्रम’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबव. दारात पाहुणे आल्यावर घरच्यांनी आत बसून राहायचं नसतं. त्या दिवशी पाण्याचे माठ भरायला, म्हाताऱ्या माणसांना सावलीत बसवायला, विभागाचं ग्रंथालय उघडून दाखवायला तुमच्या समितीतली मुलं उभी राहू देत. ज्या घरांत १४ जानेवारी म्हणजे फक्त संक्रांत असते, त्या घरांतली मुलं तर आवर्जून असू देत. मग ईदला, ख्रिसमसला, आदिवासी मुलांच्या कार्यक्रमालाही याच पद्धतीने माणसं वाटून द्या. ज्यांचा सण आहे त्यांनी तो साजरा करावा, बाकीच्यांनी कामाला यावं. वर्गणीची सक्ती मात्र कुठल्याच सणाला नको, आणि कोणाला आरतीला किंवा घोषणेला उभं करणंही नको. नको म्हणणाऱ्याला नको म्हणता आलं पाहिजे, याची जबाबदारी तुझी.

नोटीस सोमवारीच लाव. तालमीची वेळ रिकामी ठेव, खाली प्रत्येकाने आपल्या परतीच्या बसची वेळ लिहावी अशी जागा ठेव आणि कागद भरल्यावर वेळ ठरव. खोलीच्या कुलपासाठी विभागप्रमुखांना अर्ज करावा लागेल, तो आताच देऊन टाक.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका