मत दिल्यावर काम संपत नाही

चि. छोटीस,



परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, आपण मत एका पक्षाला द्यायचं आणि निवडून आलेला दुसरीकडे जाऊन बसणार. मग रांगेत उभं कशाला राहायचं?" रागात विचारलास, पण प्रश्न खरा आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

तुझा राग रास्त आहे. २०१९ साली निवडलेल्या विधानसभेने एकाच मुदतीत तीन मुख्यमंत्री पाहिले. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला गेला. पण अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांच्या हाती असतो आणि या दोन्ही फुटींत त्यांनी एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. तेव्हा कायदा आपल्या मताची राखण करील, या भरवशावर राहू नकोस. ती आपणच करायची.

त्यासाठी चिन्हाच्या आधी माणूस बघ. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालापासून उमेदवाराला आपल्यावरचे खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथपत्रावर जाहीर करावं लागतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही वाचता येतं. गेल्या खेपेचं आणि या खेपेचं शपथपत्र शेजारी ठेवून वाच. पाच वर्षांत काय वाढलं ते दिसेल. त्याने आजवर किती पक्ष बदलले, हे तर चहाच्या टपरीवरही कळतं. आदल्या रात्री 'लक्ष्मीदर्शन' घडवणाऱ्याला दारातूनच परत पाठव. मत विकत घेणारा पुढे पाच वर्षं आपलं काही देणं लागत नाही, असंच धरून चालतो.

दुसरं, छोट्या निवडणुकांना छोटं समजू नकोस. मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथे प्रशासक बसले. नळाला पाणी नाही, कचरा उचलला नाही, तर जाब विचारायला प्रभागात नगरसेवकच नव्हता. निवडणूक नसली की काय होतं, ते तेव्हा लोकांना कळलं. तरीही दिल्ली-मुंबईच्या राजकारणावर तासन्‌तास वाद घालणारी माणसं महापालिकेच्या मतदानाला सुट्टी समजून फिरायला जातात. तू राहतेस त्या पुण्यात बहुतेक प्रभागांत चार जागा असतात, म्हणजे मतंही चार. चारही जागांचे उमेदवार आधी नीट पाहा. पॅनेल दिसलं म्हणून डोळे मिटून बटणं दाबू नकोस. आपल्या गावात तर वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण त्या सभेचा सदस्य असतो. जमाखर्च मागण्याचा हक्क त्यालाही आहे, पण मागणारे मोजकेच असतात.

एका मताने काय होतं, असंही तू म्हणालीस. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात लाखो मतं पडली आणि निकाल लागला ४८ मतांनी. एखाद्या इमारतीतली माणसं त्या दिवशी घरी बसली असतील, तर तेवढ्यानेही फरक पडला असेल. कुणीच पसंत नसेल तर २०१३ पासून 'नोटा' आहे. मात्र विधानसभा-लोकसभेला नोटाला सर्वांत जास्त मतं पडली, तरी उमेदवारांत पुढे असलेलाच निवडून येतो. नोटाने निषेध नोंदवता येतो, प्रतिनिधी मिळत नाही.

आणखी एक. राजकारणावरून घरात आणि मैत्रिणींत अबोला धरू नकोस. काल एकमेकांवर तुटून पडलेले नेते आज एका व्यासपीठावर हार घालून घेतात. त्यांच्यासाठी आपली नाती तोडण्यात काही अर्थ नाही. आपलं मत ठामपणे मांड, दुसऱ्याचं ऐकून घे आणि व्हॉट्सॲपवर आलेलं पडताळल्याशिवाय पुढे पाठवू नकोस.

आमच्या वेळी मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळायचा. १९८९ पासून तो अठराव्या वर्षी मिळतो. तुला अठरा पूर्ण झाली आहेत. मतदारयादीत नाव नोंदवायला नमुना ६ भर. वसतिगृहाचा पत्ता दे किंवा गावचा, पण नाव एकाच ठिकाणी ठेव. मतदानाला जा आणि ज्याला निवडशील त्याला पुढची पाच वर्षं प्रश्न विचारत राहा. तुझ्याकडून माझी एवढीच अपेक्षा आहे.

तुझा,
मामा